टाकी वाचली रे, मिल्या

सिडको, नाशिक
१४ ऑगस्ट

प्रिय मिल्या,

फोनवर तुला एवढंच म्हणालो की माशांची टाकी गळतेय, आणि तू लगेच म्हणालास, "टाकून दे, नवीन घे." टाकली नाही. दुरुस्त केली. आता सगळं सविस्तर लिहितोय, कारण ती नेमकी कुठं गळली हे तुला कळलंच पाहिजे.

आषाढापासून स्टँडखालची फरशी ओलसर दिसायची. पावसाचे दिवस, म्हटलं सर्द हवेनं असेल. आईला वाटलं सई खेळताना पाणी सांडते, बिचारीला दोनदा बोलणी खावी लागली. शेवटी एक दिवस काचेवर मार्करनं रेघ मारली. पाणी हवेतही उडतं, म्हणून शेजारी एका काचेच्या बरणीत पाणी भरून तिच्यावरही रेघ मारली. दोन दिवसांनी बरणीतलं पाणी जेमतेम नखभर उतरलं होतं आणि टाकीतलं चांगलं दोन बोटं. रोज सकाळी उठल्या उठल्या सई विचारायची, "बाबा, मारुतीच्या गुडघ्याखाली गेलं का?" गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला तेव्हा तिला दुतोंड्या मारुती दाखवायला रामकुंडावर नेलं होतं; पाणी त्या मूर्तीच्या कुठवर चढलं यावरून पूर किती ते सांगतात. तेव्हापासून पाणी मोजायचं म्हटलं की तिला मारुतीच आठवतो.

गळतीची जागा शोधायला काही विकत आणावं लागलं नाही. टाकी बाहेरून कोरडी पुसली आणि तळाच्या चारी कडांना वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून ठेवल्या. सकाळी एकच पट्टी भिजलेली, मागच्या उजव्या कोपऱ्यातली. तिथं काचेवर क्षारांची एक पांढरी बारीक रेघही होती, म्हणजे गळती बऱ्याच दिवसांची.

मागचा उजवा कोपरा. आठवलं का काही?

२०१३. तुमच्या घराची गच्ची, एप्रिलचं ऊन. काचवाल्याकडून सहा एमएमच्या काचा कापून आणल्या होत्या, चोवीस बाय बारा बाय पंधरा इंच. आणि शेवटच्या कोपऱ्यात काचा जोडायच्या सिलिकॉनची ट्यूब संपली. तू सायकलवर पवननगरला गेलास, पहिलं दुकान बंद म्हणून पुढं गेलास, नवी ट्यूब घेऊन तासाभरानं आलास. मग आपण जिथं हात थांबला होता तिथूनच पुढं ओढलं. तोवर आधीच्या सिलिकॉनवर साय धरली होती, आणि एकदा धरलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही. तेव्हा हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं. बारा वर्षं तो सांधा टिकला, हेच मला मोठं वाटतं.

टाकून न देण्याचं कारण तुला माहीतच आहे, तरी पैशाचंही सांगतो. यंदा कंपनीत ओव्हरटाइम बंद आहे. सईची फी जूनमध्ये भरली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एवढ्याच मापाच्या नव्या टाकीला दुकानदारानं २,६०० सांगितले, स्टँड वेगळा. मी स्वतःला चारशेची मर्यादा घातली.

पहिली काळजी माशांची. दोन एंजल, सहा मॉली आणि त्यांची ताजी पिल्लं. दोन नव्या बादल्या आणल्या नाहीत, आईचा धान्याचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घेतला, कारण त्याला साबण कधीच लागलेला नाही. टाकीतलंच पाणी त्यात भरलं, वर जाळी बांधली आणि एअर पंप सोडला. फिल्टरचा स्पंजही त्याच डब्यात ठेवला. एरवी माणूस तोच आधी नळाखाली धरतो आणि तिथंच घात होतो. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो त्यांना मारक. स्पंजमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं किंवा नुसत्या वाळण्यानंही ते जिवाणू मरतात. ते गेले असते तर टाकी दुरुस्त होऊनही मासे राहिले नसते. खाणं एक दिवसाआड आणि चिमटीच्या चिमटीनं दिलं.

आता ट्यूबचं. खाली स्लायडिंग खिडक्या बसवणारे काका राहतात, त्यांच्याकडे ट्यूब दाबायची गन मागायला गेलो. त्यांनी गन तर दिलीच, वर उरलेली पाऊण ट्यूब फुकट पुढं केली. त्या क्षणी दोनशे रुपये वाचले असं वाटून किती हलकं वाटलं म्हणून सांगू! पण ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, बुरशीरोधक. बाथरूमला, खिडकीला ते उत्तम. पण बुरशीला मारणारं जे औषध त्यात असतं ते पाण्यात उतरून माशांनाही मारू शकतं. काकांना तसं सांगितलं, त्यांनाही ते पटलं. मग रविवार कारंजाला जाऊन टाकीसाठीची साधी पारदर्शक ट्यूब आणली, तिच्यावरची तारीख बघून. पहिली जी दिली ती मुदत संपलेली होती. जुनी ट्यूब कधीकधी धरतच नाही, आठवडाभर चिकटच राहते.

सगळ्यात जास्त वेळ गेला खरवडण्यात. बाहेरून एम-सील लावायचा मोह मलाही झाला होता. पण बाहेरून लावलेल्या लेपाला पाणी आतून ढकलत राहतं, आतून लावलेल्याला तेच पाणी सांध्यावर दाबून धरतं. म्हणून आतूनच, आणि फक्त कोपरा नाही तर सगळी आतली पट्टी. दोन रात्री बसलो. ब्लेड काचेला जवळजवळ आडवं धरायचं, सिलिकॉनखाली सरकवायचं, आणि टोक सुटलं की चिमट्यानं हळूच ओढायचं. कधी वीतभर पट्टी सलग निघते आणि जिवाला बरं वाटतं, कधी नखाएवढे तुकडे. दोन काचांच्या मधला थर मात्र कापायचा नाही, टाकी उभी आहे ती त्याच्या जोरावर. आपल्या त्या कोपऱ्यात मधल्या थरातही केसाएवढी फट होती, पण बाकी तो सगळीकडे घट्ट, म्हणून काचा सोडवाव्या लागल्या नाहीत.

त्या कोपऱ्यातून निघालेला तुकडा मी उजेडात धरून पाहिला. दोन थर एकमेकांवर चढलेले अगदी स्पष्ट दिसतात, एक जरा पिवळट, एक पांढरट, आणि मधे एक बारीक बोगदा. पाणी बरोब्बर तिथूनच यायचं.

मग काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली आणि पंखा लावून खडखडीत वाळवली. मास्किंग टेप सांध्याच्या दोन्ही बाजूंना लावली. यावेळी ठरवलं होतं, एकदा सुरू केलं की थांबायचं नाही. मी गन ओढत जायचो, लगेच बोट फिरवायचो, आणि तुझी वहिनी मागोमाग साय धरायच्या आत टेप ओढून काढायची. अकरा फूट सांधा एका दमात झाला. घरभर व्हिनेगरसारखा आंबट वास. तो सिलिकॉन धरताना सुटणाऱ्या आम्लाचा असतो आणि वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही. मला वाटलं होतं पावसात वाळायला फार दिवस लागतील. पण सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊनच धरतं, आपल्या नाशिकच्या कोरड्या मे महिन्यापेक्षा त्याला श्रावण जास्त मानवतो. तीन दिवस पुरले असते, मी चार थांबलो.

गॅलरीत टाकी ठेवून पाणी थोडं थोडं करत भरलं. चार इंच, रात्रभर थांबलो. आठ इंच, पुन्हा रात्र. मग तेरा. साठ लिटर पाणी त्या काचांनी धरून ठेवलेलं पाहताना मी तिथंच पाटावर बसून राहिलो, चहा गार झाला तरी उठवेना.

याच वेळी आणखी एक कळलं. टाकी स्टँडवर ठेवून थोडं पाणी भरलं, दोन्ही टोकांना पट्टीनं उंची मोजली, तर उजवीकडे पाव इंच जास्त. स्टँडच्या मागच्या उजव्या पायाखालची फरशी खचलेली होती. म्हणजे सगळा ताण आपल्या त्या कच्च्या कोपऱ्यावरच येत होता. पायाखाली पाचर दिली, टाकीखाली नवा थर्माकोल घातला. जुना थर्माकोल त्या कोपऱ्यात चेपून पापडासारखा झाला होता.

हिशेब लिहितो, कारण तू विचारणारच. ट्यूब २१०, टेप ४०, ब्लेड २०, अल्कोहोल ६०, थर्माकोल ५०. एकूण ३८०.

मासे रविवारी आत सोडले, आधी डब्यातलं जुनं पाणी, मग आदल्या दिवशी भरून उघडं ठेवलेलं नळाचं. मॉलीचं एक पिल्लू गेलं, सई त्या दिवशी जेवली नाही. बाकी सगळे छान आहेत. एंजलची जोडी पुन्हा फिल्टरच्या नळीपाशी उभी राहते, तुला आवडायची तशी. वर्तमानपत्राची पट्टी अजून रोज घालतोय. सई शाळेत जायच्या आधी ती काढून गालाला लावून बघते आणि ओरडते, "कोरडी!"

तो दोन थरांचा तुकडा औषधाच्या डबीत घालून ठेवलाय. गणपतीत आलास की दाखवतो. वहिनीला आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सुन्या