डबीतली कात

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्लास्टिकची डबी माझ्या सॅकच्या बाजूच्या खिशात राहिली होती. काल सॅक धुवायला काढली तेव्हा सापडली. आतली चतुराची कात शाबूत आहे, फक्त एक पाय मोडलाय. तो माझ्या धसमुसळेपणाने मोडला, म्हणून आधी कबुली.

त्या सकाळी मी तुझ्यावर उगाच ओरडलो. तळ्यावरचं धुकं विरायच्या आत पलीकडचा काठ गाठायचा, असं मी रात्रीच ठरवून टाकलं होतं. आणि तू लव्हाळ्यापाशी वल्हं आडवं धरून बसलीस. "बाबा, थांबा ना, तो बाहेर येतोय." मला नुसता एक मळकट किडा दिसत होता. तुला त्याच्या पाठीवरची चीर दिसली होती.

आधी छाती, मग डोकं. मग तो उलटा लोंबकळून इतका वेळ निपचित राहिला की मला वाटलं, गेला. तेवढ्यात उसळी मारून त्याने स्वतःचीच कात धरली आणि उरलेलं लांबलचक पोट ओढून काढलं. पंख तर ओल्या, चुरगळलेल्या कागदासारखे! अंगातला द्रव भरत गेला तसे हळूहळू ताणले गेले. माझी पाठ भरून आली, पण घड्याळ बघायचं राहूनच गेलं.

कातेतून लोंबणारे पांढरे धागे कसले, असं तू विचारलंस आणि मी "मुळं असतील" असं ठोकून दिलं. साफ चूक. ती त्याच्या श्वासनळ्यांची अस्तरं. पाण्यात असताना हा प्राणी मागच्या बाजूने पाणी आत घेऊन श्वास घेतो आणि घाई असली की तेच पाणी जोरात सोडून पुढे सटकतो. हे मी आईला जेवताना सांगितलं. पुढचं तिने ऐकलं नाही.

पाणकावळ्याचंही तुझंच खरं निघालं. पिसं भिजतात म्हणून त्याला बुडी मारणं सोपं जातं, आणि म्हणूनच मग पंख पसरून वाळवत बसावं लागतं.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत मात्र तुझं काही ऐकणार नाही. कितीही उकडलं तरी बोटीत पट्टे लावलेलेच हवेत.

पलीकडच्या काठावर काय आहे, ते राहिलंच बघायचं. डबी कापूस घालून पाठवतोय. मोडलेला पायही आत आहे, नीट उघड.

तुझा,
बाबा