गिटार अ‍ॅम्पचा आवाज स्पीकरच्या आधी उतरवा

संपादक महोदय,

कोथरूड, सदाशिव पेठेतल्या दाटीवाटीच्या इमारतींत गिटारवरून होणारी बरीच भांडणं टाळता येतील. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा भरदार सूर त्यातले आऊटपुट व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) ताणले गेल्यावरच उमटतो, त्यामुळे वादक व्हॉल्यूम कमी करायला नाखूश असतात, आणि ते समजण्यासारखं आहे. उपाय म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे काही शक्ती उष्णतेत घालवून आवाज उतरवणारी रेझिस्टरची जोडणी.

८ ओहमच्या स्पीकरसाठी ४ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि ८ ओहमचा स्पीकरला समांतर जोडावा. अ‍ॅम्पला भार ८ ओहमच दिसतो, आवाज ६ डेसिबलने उतरतो. ५० वॉटच्या अ‍ॅम्पच्या शक्तीपैकी पहिल्यात २५, दुसऱ्यात १२.५ वॉट उष्णता होते. म्हणून १०० आणि ५० वॉटचे, अ‍ॅल्युमिनियम कवचाचे रेझिस्टर हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) घट्ट बसवावेत. आवाज निम्मा भासायला मात्र सुमारे १० डेसिबल उतरवावे लागतात. त्यासाठी हेच दोन रेझिस्टर अनुक्रमे ५.५ आणि ३.७ ओहमचे घ्यावेत. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला याची गरज नाही.

पंख्याचा रेग्युलेटर मध्ये घालण्याचा प्रयोग कृपया करू नये. गिटारची शील्डेड केबलही नको, जाड स्पीकर केबलच वापरावी. वाजवताना जोडणी सुटली, तर भाराविना अ‍ॅम्पच्या आऊटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये मोठा व्होल्टेज उसळतो आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

– एक वाचक, पुणे