लघवीची गोळी आणि विरार लोकल : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : अँजिओप्लास्टी, बायपास झालेल्या आणि हार्ट फेल्युअर असलेल्या रुग्णांचे डिस्चार्जनंतरचे जगणे

माननीय मंत्रिमहोदय,

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या, किमतीला लगाम घातला आणि औषधाचा लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर (कर वेगळा) आला. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते, बायपास होते. केईएम, सायन, नायरमधून माणूस आपल्या पायांनी घरी जातो, त्याचे श्रेय द्यायलाच हवे. आम्ही लिहितो आहोत ते घरी गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

हृदयाचे पंपिंग, म्हणजे रक्त पुढे ढकलण्याची ताकद, ३० टक्क्यांवर आलेल्या रुग्णाला सकाळसाठी फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम लिहून दिली जाते. अंगात साठणारे पाणी लघवीवाटे काढणारी, म्हणून रुग्णांच्या भाषेत लघवीची गोळी. ती तासाभरात काम सुरू करते, पुढचा तास-दीड तास सर्वांत जोराचा, आणि परिणाम सहा तासांपर्यंत टिकतो. हाच रुग्ण विरारहून चर्चगेटला कामाला जात असेल तर? जलद लोकललाही सव्वा तासाच्या वर लागतो आणि लोकलमध्ये शौचालय नसते. मध्येच उतरावे, तर पुढच्या गाडीत पुन्हा घुसायची ताकद नसते. मग तो कामाच्या दिवशी गोळीच घेत नाही. घरकाम करणाऱ्या बाईची तऱ्हा वेगळी नाही. चार घरची भांडी घासते, पण त्या घरांतले शौचालय बहुतेकदा तिला वापरू देत नाहीत. आठवडाभरात पावले सुजतात, रात्री एका उशीच्या तीन होतात, आडवे झाले की दम लागतो आणि रुग्ण पुन्हा भरती होतो. केसपेपरवर शेरा पडतो : ‘औषधे नियमित घेत नाही.’

यावर उपाय आहे आणि तो जवळजवळ फुकट आहे. ही गोळी कामावर पोहोचल्यावर किंवा संध्याकाळी पाच-सहाला घेतली तरी बहुतेकांना चालते. झोपताना मात्र नको, कारण वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयापर्यंत अंधारात जाताना तोल जातो. वेळ बदलायची ती डॉक्टरांनीच. पण त्यासाठी ‘घरातून किती वाजता निघता?’ हे कोणीतरी विचारायला हवे. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. औषध देणारा फार्मासिस्ट किंवा परिचारिका ते विचारू शकते. त्यांच्या कामाच्या यादीत तो प्रश्न लेखी घाला.

वजनाचेही तसेच. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत वजन करायचे आणि लिहून ठेवायचे. तीन दिवसांत २ किलो वाढले तर ते पाणी आहे, चरबी नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दहा बाय दहाच्या खोलीत वजनकाटा नसतो. तो महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ या वस्तीतल्या दवाखान्यात सकाळी रांगेविना वापरता आला पाहिजे.

स्टेंटवाल्यांचा धोका वेगळा. हार्ट अटॅकनंतर साधारण वर्षभर रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या लागतात : अ‍ॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आणि सोबत क्लोपिडोग्रेल ७५, किंवा दिवसातून दोनदा टिकाग्रेलॉर ९०. पहिल्या काही महिन्यांत यातली दुसरी गोळी अचानक थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन तो एकदम बंद पडू शकतो. थांबते ती का? साठा संपला म्हणून, ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी मिळाली म्हणून, दात काढताना कोणीतरी बंद करायला सांगितले म्हणून. कागदावर तरतूद काहीही असो, डिस्चार्जच्या दिवशी या दोन गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची अटोर्वास्टॅटिन ९० दिवसांच्या हातात द्या. पंधरा-पंधरा दिवसांच्या दिल्या तर रोजंदारीवाला दर खेपेला एक खाडा करतो, आणि तिसऱ्या खेपेला येत नाही.

आता पुनर्वसन, म्हणजे देखरेखीखाली व्यायाम करवून रुग्णाला पुन्हा उभे करणे. आठवड्यात तीन, असे बारा आठवडे, ३६ सत्रे ही सर्वमान्य पद्धत. सामान फार लागत नाही : ३० मीटरचा मोकळा व्हरांडा, स्टॉपवॉच, बीपीचे यंत्र, ऑक्सिमीटर आणि शिकलेला फिजिओथेरपिस्ट. आधी सहा मिनिटे चालवून अंतर मोजायचे. मग दहा मिनिटे अंग मोकळे करणे, वीस ते तीस मिनिटे चालणे, शेवटी हळूहळू थांबणे. वेग एवढाच, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. घोडे अडते ते पत्त्यापाशी. मानखुर्दच्या माणसाला आठवड्यातून तीनदा सकाळी अकराला परळला बोलावले तर तो दोनदा येईल. पहिली सहा सत्रे रुग्णालयात आणि उरलेली संध्याकाळी घराजवळच्या ‘आपला दवाखाना’मध्ये घ्या. ज्यांना चालताना छातीत दुखते किंवा ठोके बिघडतात, त्यांची सगळी सत्रे मात्र डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) असलेल्या रुग्णालयातच. दवाखाने महापालिकेचे, योजना राज्याची, जे. जे. वैद्यकीय शिक्षण खात्याचे. हा गुंता तुम्हीच सोडवू शकता.

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला कोणी जिना चढायचे शिकवत नाही, म्हणून तो महिनोन्महिने खाली उतरत नाही. शरीरसंबंधांबद्दल विचारायची तर बहुतेकांना लाजच वाटते. दोन जिने दम न लागता आणि छातीत न दुखता चढता आले तर सहसा हरकत नसते, एवढे एक वाक्य कितीतरी घरांतली धास्ती कमी करील. उदासीही हृदयाच्या दुखण्याबरोबर येते. तिच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चिठ्ठीवर नीट छापलेला हवा. हाताने लिहिताना आकडे चुकतात.

शेवटची मागणीही छपाईचीच आहे. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते आणि ते रुग्णाच्या शेजाऱ्याचा मुलगा वाचतो. त्याच्या मागच्या बाजूला मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत छापा : कोणती गोळी स्वतःहून कधीच बंद करायची नाही, किती वजन वाढले की यायचे, आणि छातीत दुखले तर खाली बसून सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम जिभेखाली ठेवायची, उभ्याने नाही, कारण बीपी उतरून चक्कर येते, आणि पाच मिनिटांत थांबले नाही तर १०८ ला फोन करायचा.

आपले,
हृदयरुग्णांच्या पुनर्वसनात काम करणारे काही फिजिओथेरपिस्ट, परिचारिका आणि फार्मासिस्ट, मुंबई