नाही म्हणायचे तर लेखी म्हणा

मा. संपादक,
स. न.

मी माजी सैनिक. फौजेतून आल्यावर स्वतःच्या बारा बोअर दुनळी बंदुकीच्या परवान्यावर नागपुरात एका सुरक्षा एजन्सीतर्फे बँकेत गनमॅनची नोकरी धरली. परवान्याची मुदत संपायच्या दोन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज केला, फी भरली, पोच घेतली. मुदत केव्हाच उलटली, अर्ज मात्र तिथेच. परवाना कार्यालय म्हणते, पोलीस ठाण्याचा पडताळणी अहवाल आला नाही. ठाणे म्हणते, आम्ही केव्हाच पाठवला.

विनापरवाना बंदूक जवळ ठेवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आहे. म्हणून दुनळी ठाण्यात जमा केली. बंदूक नाही म्हटल्यावर एजन्सीने बँकेवरून काढले. आता एका अपार्टमेंटच्या फाटकावर कमी पगारात बसतो. ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जमा वस्तूंच्या कोठीत, पडलेल्या बंदुकीला तेल कोण लावणार? पावसाळाभर नळीतून तेलाचा फडका फिरला नाही, तर आत गंजाचे ठिपके धरतात आणि ते नुसत्या पुसण्याने जात नाहीत.

पोलीस पडताळणीला माझा विरोध नाही. हत्यार कोणाच्या हाती आहे हे सरकारने तपासलेच पाहिजे. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ प्रमाणे ठाण्याचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर परवाना अधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय देऊ शकतो. कलम १५ प्रमाणे हीच तरतूद नूतनीकरणालाही लागू आहे. मग अहवालाच्या नावावर अर्ज का अडतो?

खरी कोंडी पुढे आहे. नकार दिला तर कलम १८ खाली अपील करता येते. पण आदेशच निघाला नाही, तर अपील कशावर करायचे? मग उरते सिव्हिल लाइन्समधले उच्च न्यायालयाचे खंडपीठ. 'अर्जावर निर्णय घ्या' एवढेच सांगून घेण्यासाठी रिट याचिका, वकिलाची फी, तारखा. चौकीदाराच्या पगारात हे कसे जमवायचे? न्यायालयाचा वेळ जातो तो वेगळाच.

कोणता अर्ज कोणत्या टेबलावर आणि कधीपासून आहे, याची यादी कार्यालयाने दर महिन्याला फलकावर लावावी. ज्यांची रोजी परवान्यावर चालते, त्यांचे अर्ज आधी हातात घ्यावेत. माझ्याविरुद्ध काही आढळले असेल, तर कारणे लिहून नकार द्यावा. मी अपिलात उत्तर देईन.

– एक माजी सैनिक, मानेवाडा, नागपूर