ग्रहणातली भेंडी

चिऊ,

फोनवर हे बोलायला गेले की गळा दाटतो म्हणून टाइप करतेय, लगेच उत्तर द्यायची घाई नको करूस.

परवा आजी म्हणाली ना, "ग्रहणात भेंडी चिरलीस म्हणून पोरीला पिशवी नाही", ते तू दाराआडून ऐकलंस हे मला कळलंय. चिरली होती, खरंय. २२ जुलै २००९, सकाळी सव्वासहा, बाबांचा डबा होता. पण तेव्हा मला पाचवा महिना होता, आणि गर्भाची पिशवी ज्या दोन नळ्यांपासून बनते त्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच एकमेकींना जुळतात, म्हणजे भेंडी चिरायला मला उशीरच झाला म्हणायचा! त्या नळ्यांच्या अगदी शेजारीच किडनीचं काम चालू असतं, म्हणून एमआरकेएच, म्हणजे जन्मतःच पिशवी नीट न घडणं, त्यातल्या तुझ्यासारख्या टाइप टूच्या मुलींना कधी एक किडनी नसते, कधी मणका वाकडा, कधी ऐकायला कमी. साधारण साडेचार-पाच हजार मुलींत एकीला एमआरकेएच असतं, आणि बहुतेकींत नेमकं कारण सापडतच नाही.

तू दुसरीत असताना लघवीच्या इन्फेक्शनसाठी सोनोग्राफी केली तेव्हाच डावी किडनी नाही हे कळलं होतं. एका किडनीवर माणूस छान जगतो म्हणाले, आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. पिशवीचं कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

पण माफी मागायचीय ती पॅडची. दहावीचं अख्खं वर्ष मी दर महिन्याला एक पाकीट आणून कपाटात समोर ठेवायचे, आत्याला दिसावं म्हणून. तुला वाटलं असेल आईला माझी लाज वाटते. लाज नव्हती गं, भीती होती, पण तुला ते कसं कळणार.

डायलेटरचं, म्हणजे योनीमार्ग हळूहळू मोठा करायच्या त्या साधनाचं, डॉक्टरबाईंशी तूच बोल, तुला वाटेल तेव्हा, कुणाच्या लग्नाच्या घाईसाठी नाही. डोकं दुखलं की कॉम्बिफ्लाम मनाने घेऊ नकोस, किडनी एकच आहे. कानाची टेस्ट राहिलीय. आणि ओव्हरी दोन्ही ठणठणीत आहेत. २०१७ ला पुण्यात सोलापूरच्या एका मुलीला तिच्या आईचीच पिशवी बसवली होती, माझीही पडूनच आहे, पण आधी बारावी कर बाई.

आजीला नळ्यांचं सगळं समजावलं. म्हणाली, "तरी पण ग्रहण ते ग्रहणच."

रविवारी येतेस ना? भेंडीच करतेय.

आई