वर्षाच्या गाण्यांच्या यादीत पंक कुठाय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत २०२४ ची गाजलेली गाणी वाचली. सिनेमाची झाली, रील्सवरची झाली, 'तांबडी चामडी' पण आलं (यायलाच पाहिजे होतं, मराठी गाणं नेदरलँड्सच्या कंपनीनं काढलं ही काय साधी गोष्ट नव्हे), कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या तिकिटांवर तर अर्धं पान. पण इंडी (मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, आपल्या मनानं केलेलं संगीत) आणि पंक (रॉकचाच बंडखोर, आरडाओरडीचा भाऊ) म्हणून जे असतं त्याला एक ओळ सुद्धा नाही. बेळगावात हे कोण ऐकतंय, असं तुमच्यात कुणीतरी म्हणालं असणार. ऐकतात हो. कॅम्पात ऐकतात, टिळकवाडीत ऐकतात, खानापूर-निपाणीहून कॉलेजला येणारी पोरं बसमध्ये ऐकतात, फक्त कुणी विचारत नाही. म्हणून माझी यादी पाठवतोय, छापा नाहीतर राहू दे.

पहिलं गाणं फाँटेन्स डी.सी. चं 'स्टारबर्स्टर'. डब्लिनची पोरं, ऑगस्टमध्ये 'रोमान्स' अल्बम आला त्यातलं. गायक ग्रिअन चॅटनला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर पॅनिक अटॅक आला होता, त्यातून हे गाणं निघालं, आणि मधेमधे तो खरंच दम लागल्यासारखा श्वास जोरात आत ओढतो, तालात. रेल्वे गेट पडलंय, मागं रिक्षावाले हॉर्न मारायलेत आणि कानात हा श्वास, पहिल्यांदा तर मी हेडफोन काढून मागं बघितलं, कुणाला काय झालं म्हणून. आता आमच्या घरातले म्हणतात ह्याला गाणं म्हणतात काय. पण हे कुमार गंधर्वांच्या जन्मशताब्दीचं वर्ष होतं, १९२४ ला आपल्या सुळेभावीत जन्मलेला माणूस, क्षयानं फुफ्फुस निकामी झाल्यावर लांब श्वास पुरेना म्हणून छोट्या छोट्या तुकड्यांत गायकी बांधली असं जाणकार सांगतात. तिथं सगळे मान डोलावतात. मग श्वासाची अडचणच गाण्यात घेणारा डब्लिनचा पोरगा का नको? दोघांना एका पंक्तीला बसवत नाही मी, उगाच पत्रं पाठवू नका.

दुसरं, आयडल्सचं 'गिफ्ट हॉर्स'. ब्रिस्टलचा बँड. ड्रम आणि बास असं काही वाजतं की झांजपथक गल्लीच्या तोंडाशी आल्यासारखं वाटतं. गायक राजाला सरळ शिवी हासडून 'ती' राजा आहे म्हणतो, मला तर ते स्वतःच्या लेकीबद्दलच वाटतं. ह्याच बँडनं 'ग्रेस' गाण्याच्या व्हिडिओत कोल्डप्लेचा जुना 'यलो'चा व्हिडिओ घेऊन त्यांचा गायक क्रिस मार्टिनचं तोंड एआयनं हलवलंय, त्याच्या संमतीनं. म्हणजे कोल्डप्लेवर अर्धं पान लिहिताना हे दोन ओळीत सहज बसलं असतं, नाही काय?

मेलबर्नच्या अॅमिल अँड द स्निफर्सचं 'यू शुड नॉट बी डूइंग दॅट' हे आपल्याकडच्या प्रत्येक पोरीनं ऐकावं. हे करू नको, तिकडं जाऊ नको, असं कसं घातलंस, हे सगळं सांगणाऱ्यांना त्यांची गायिका अॅमी टेलर हसत हसत झोडते. लॉस एंजेलिसच्या लिंडा लिंडाज तर चौघी पोरीच, ड्रमवाली तेव्हा शाळकरी, त्यांच्या 'यो मे एस्त्रेसो' या स्पॅनिश गाण्यात विडंबन गाणारा विअर्ड अल यांकोविक अॅकॉर्डियन वाजवतो. पेटीचाच भाऊ तो, घरात चाललं हे गाणं. फिलाडेल्फियाच्या एका बँडचं नाव तुम्ही छापणार नाही म्हणून लिहीत नाही, अल्बम 'आय गॉट हेवन', ज्याला शोधायचंय तो शोधेल.

इंडीत वॅक्साहाची या नावानं गाणाऱ्या अमेरिकन गायिकेचं 'राइट बॅक टू इट'. बँजो आणि दोन आवाज. अलाबामातल्या घराजवळच्या ओढ्याचं नाव तिनं स्वतःला घेतलंय. आपल्याकडं कुणी बळ्ळारी नाला नावानं बँड काढेल काय? मी तर तिकीट काढून जाईन. क्युअर या इंग्लंडच्या जुन्या बँडचा सोळा वर्षांनी अल्बम आला तो नेमका १ नोव्हेंबरला, इकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, मराठी लोकांचा काळा दिवस, बंदोबस्त, आणि मी घरात 'अलोन' लावून बसलेलो, त्यात गायक रॉबर्ट स्मिथ तीन मिनिटं तोंडच उघडत नाही. त्या दिवसाला बरं होतं.

आणि नीकॅप. बेलफास्टचा तिघांचा गट, आयरिश भाषेत रॅप करतात. हे पंक नव्हे असं कुणी म्हणेल तर म्हणू दे, त्या वर्षी ह्यांच्याइतकं पंक कुणी वागलं नाही. 'बेटर वे टू लिव्ह' ऐका, त्यात वरचा ग्रिअन चॅटन पण आहे. ह्यांना मंजूर झालेलं १४,२५० पौंडांचं अनुदान ब्रिटिश सरकारनं अडवलं, ब्रिटनलाच विरोध करणाऱ्यांना करदात्यांचे पैसे कशाला म्हणून. पोरं कोर्टात गेली आणि नोव्हेंबरात जिंकली, अडवणं बेकायदा होतं हे सरकारनंच मान्य केलं. मिळालेली रक्कम त्यांनी बेलफास्टच्याच दोन युवक संस्थांना निम्मी-निम्मी द्यायचं जाहीर केलं, एक कॅथलिक वस्तीतली, एक प्रोटेस्टंट वस्तीतली, म्हणजे जुनं वैर असलेल्या दोन्ही बाजूंची. सीमाभागात राहून ही बातमी वाचताना कसं वाटलं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं कुणी असं केलं तर दोन्हीकडचे आधी त्यालाच धरतील.

मला खरं बोलायचंय ते हेच. ही सगळी मंडळी आपापल्या गावच्या आवाजात गातात, चॅटन डब्लिनचाच वाटतो, टेलर ऑस्ट्रेलियाचीच. आमची पोरं गिटार झकास वाजवतात, पण माइक हातात आला की मुंबईची हिंदी नाहीतर अमेरिकेची इंग्लिश, आणि गाणं संपलं की "काय बे, जमलं काय?" अरे, हेच गा की! अर्धी कानडी, अर्धी मराठी, कट्ट्यावर जशी भांडता तशी. तुम्ही पेपरवाल्यांनी महिन्यातून एकदा कोपऱ्यात चौकट दिली, कोण कुठं वाजवतंय एवढं जरी छापलं, तरी घरात दार लावून वाजवणारी पोरं एकमेकांना सापडतील. वाढदिवसाच्या शुभेच्छांमधलं एक कटआउट कमी केलं की जागा होते.

ज्यांनी यातलं काहीच ऐकलं नाही त्यांनी फाँटेन्सच्या 'फेवरिट'पासून सुरुवात करावी, ते गोड आहे, आईबाबा घरात असले तरी चालतं. 'गिफ्ट हॉर्स' मात्र मंडळवाल्यांना ऐकवू नका, पुढच्या गणपतीला डॉल्बीवर लावतील.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव