साथीच्या काळात भाडेकरूला अभय हवे, पण कायद्यात लिहिलेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून तयार केलेला आदर्श भाडेकरू कायदा राज्यात आणण्याची चर्चा अधूनमधून कानावर येते. ती करणाऱ्यांनी आधी आपल्याच गृहनिर्माण विभागाचे १७ एप्रिल २०२० चे परिपत्रक काढून वाचावे. भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर काढू नका, असे त्यात घरमालकांना सांगितले होते. सांगितले होते, बजावले नव्हते. त्याआधी २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली काढलेला आदेश कडक होता. कामगारांकडे महिनाभर भाडे मागायचे नाही, मजूर किंवा विद्यार्थ्याला खोली सोडायला लावली तर कारवाई. पण तो पाळला जातो की नाही हे पाहायचे कोणी? पोलीस नाकाबंदीवर आणि तहसील कार्यालय धान्यवाटपात.

मी भोसरीत राहतो. घरामागच्या चार खोल्या भाड्याने दिल्या आहेत. एमआयडीसीत कंत्राटावर काम करणारी मुले एका खोलीत तिघे-चौघे राहतात. नळ सामाईक, संडास सामाईक, विजेचे सबमीटर दाराशी. आमच्या गल्लीत करार वगैरे फारसे कोणी करत नाही. महिन्याची आगाऊ रक्कम घ्यायची आणि किल्ली द्यायची. अशा खोलीतून माणूस बाहेर काढायला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. तो किराणा आणायला गेला की कडीला दुसरे कुलूप लावायचे, किंवा सबमीटरचा फ्यूज काढून ठेवायचा. टाळेबंदीत आमच्याच भागात हे झाले.

म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणि पुन्हा दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, घर रिकामे करण्याच्या आदेशांना दिलेली स्थगिती योग्य असली तरी अपुरी होती. ज्याच्याविरुद्ध आदेश झाला होता, तो वाचला. ज्याला आदेशाशिवायच बाहेर काढले, त्याला स्थगिती कशावर मिळणार? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडे थकल्यावर नोटीस, मग नव्वद दिवस, मगच दावा, अशी सोय आहे. पण ती कायद्याने भाडेकरू ठरणाऱ्यांना. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्याला, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त राहण्याची परवानगी देणाऱ्या करारावर राहणाऱ्याला, ती लागू नाही. त्याची मुदत भर साथीत संपली आणि त्याने जागा सोडली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ नुसार त्याच्यावर दुप्पट भाडे चढते.

आणि प्रश्न फक्त भाडे थकवणाऱ्यांचा नव्हता. मार्च २०२० मध्ये दिल्लीतल्या एम्सच्या निवासी डॉक्टरांना गृहमंत्र्यांना पत्र लिहावे लागले, कारण घरमालक त्यांना घर सोडायला सांगत होते. त्यांचे भाडे थकले नव्हते. तिकडे आपण थाळ्या वाजवत होतो!

खोली सुटलेला माणूस हवेत विरत नाही. तो आधीच सहा जण झोपतात त्या चुलतभावाच्या खोलीत शिरतो. नाहीतर मिळेल त्या टेम्पोतून गावी जातो आणि तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस सतरंजीवर काढतो. घरी थांबा म्हणायचे असेल तर घर राहू दिले पाहिजे. भाडेकरूवर दया करा, असे मी म्हणत नाही. संसर्ग रोखायचा तर हे करावेच लागते.

आता घरमालकाचे. घरमालक म्हणजे बंगलेवाला, असा एक समज आहे. आमच्यासारख्यांच्या खोल्या पतसंस्थेच्या कर्जावर उभ्या राहिल्या आणि हप्ता भाड्यातूनच जातो. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते लांबवण्याची मुभा दिली, पण व्याज चालूच राहिले. मालमत्ता कर भरायचा, भाडे मात्र मागायचे नाही. हा भार एकट्या घरमालकाने का उचलावा? दिल्लीत मुख्यमंत्र्यांनी २९ मार्च २०२० ला जाहीर केले की गरीब भाडेकरूंचे भाडे सरकार भरेल. जुलै २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने हे आश्वासन सरकारवर बंधनकारक असल्याचा निकाल दिला. सरकार अपिलात गेले आणि सप्टेंबरात त्या निकालाला स्थगिती मिळाली. पत्रकार परिषदेतल्या शब्दावर हप्ता फिटत नाही.

तेव्हा साथ नसताना, डोके शांत असतानाच हे कायद्यात लिहून घ्यावे. साथ अधिसूचित झाली की करार आपोआप पुढे चालू. वीज, पाणी आणि कुलूप यांना हात लावणाऱ्यावर त्याच दिवशी कारवाई, आणि ती करणारा अधिकारी प्रभागनिहाय नेमलेला. थकबाकी माफ नाही, हप्त्याने. पगार चालू असलेल्याने भाडे भरायचेच. खऱ्याखुऱ्या अडलेल्याच्या भाड्याचा काही वाटा सरकारने थेट घरमालकाच्या खात्यात भरावा आणि तेवढ्या काळाच्या मालमत्ता करावर दंड लावू नये.

केंद्राने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श कायद्यात आपत्तीत मुदत संपली तर आपत्ती सरल्यावर महिनाभर भाडेकरूला राहू देण्याची तरतूद आहे. पण आपत्तीच्या व्याख्येत युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप यांची नावे आहेत. साथीचे नाव नाही. ‘निसर्गामुळे आलेली अन्य आपत्ती’ यात विषाणू बसतो की नाही, यावर वकिलांची दोन वर्षे सहज जातील. राज्याने आपला कायदा करताना तिथे ‘साथरोग’ हा शब्द घालावा. आमच्या गल्लीतले घरमालक म्हणतील, मग भाडेकरू निघायचेच नाहीत. त्यासाठीच या मुदतवाढीला शेवटची तारीख असावी आणि ती अधिसूचनेतच छापलेली असावी.

आपला,
एक घरमालक, भोसरी